चित्राची काटकसर

व्याकरणामुळे कोणाचे साठ हजार रुपये वाचल्याचे मी तरी कधी ऐकले नव्हते. म्हणूनच गेल्या श्रावणातली ही हकिकत मी ज्याला त्याला सांगत असतो.

उमरी हे माझ्या ताईचे सासर. मुदखेडहून गाडी धर्माबादकडे निघाली, की वाटेत हे स्टेशन लागते. तेथे आपल्या खोलीत बसून माझा भाचा रोज रात्री युरोपात ट्रक हाकतो! 'युरो ट्रक सिम्युलेटर २' हा एका चेक कंपनीने २०१२ साली काढलेला संगणकावरचा खेळ. भाचा तो खेळता खेळता इंटरनेटवरून थेट दाखवतो, आणि पुण्या-हैदराबादला पोटामागे पांगलेले त्याचे वीस-पंचवीस शाळूसोबती आपापल्या खोल्यांवर मोबाइलमध्ये तो पाहतात. खेळ हे निमित्त. खरी चालते ती गप्पांची बैठक. त्या टोळीतला गावात मागे उरलेला हा एकटाच. हे ताईला ठाऊक होते. दाजींना फक्त विजेचे बिल ठाऊक होते.

"मामा, चित्र फुटायलंय," भाचा म्हणाला. "ट्रक पळाला की झाडांचे नुसते चौकोन दिसायलेत. पोरं कंटाळून जायलेत." त्याला साठ हजारांचा नवा संगणक हवा होता. पैसे यायचे होते सोयाबीनचे, आणि सोयाबीन अजून शेतात उभे होते. दाजींनी निवाडा माझ्यावर सोपवला. दोन रात्री मी या विषयावर मिळेल ते वाचून काढले, आणि मौज अशी, की तेथे मला आमचा अध्याहार भेटला!

'राम घरी आला आणि जेवला' या वाक्यात दुसऱ्यांदा 'राम' लागत नाही. चित्र पाठवणारा संगणकही तसाच. दर दोन सेकंदांनी तो एक चित्र पूर्ण देतो आणि मधल्या चित्रांत झालेला बदल तेवढा कळवतो; बाकीचे अध्याहृत. पण मागे पळणारी झाडे, गवत, पावसाचे थेंब यांत अध्याहृत काय ठेवणार? सगळेच नव्याने सांगावे लागते, आणि सांगायला बिट मोजके. मग तपशील गळतो आणि चौकोन उरतात.

आता हिशेब पाहा. घरातून बाहेर जाणारा वेग चार मेगाबिट, तोही डळमळणारा. भरवशाचे धरायचे अडीच, म्हणजे सेकंदाला पंचवीस लाख बिट. आणि हे चिरंजीव १९२० बाय १०८० ठिपक्यांचे चित्र सेकंदाला साठ वेळा पाठवत होते. म्हणजे १२ कोटी ४४ लाख ठिपके. पन्नास ठिपक्यांत मिळून एक बिट! तेच चित्र १२८० बाय ७२० करून तीस वेळा पाठवले, तर अकरा ठिपक्यांमागे एक बिट येतो. लाडू तेवढेच, पाने कमी. पाहणाऱ्यांचा पडदा तळहाताएवढा. त्याला एवढे ठिपके पुष्कळ झाले. नव्या यंत्राने थोडाफार फरक पडलाही असता, पण लाइन काही रुंद झाली नसती.

चित्र लहान झाल्याने जुन्या संगणकाला उसंत मिळाली. मग ओबीएसमध्ये 'व्हेरीफास्ट'च्या जागी 'फास्ट' केले. म्हणजे संगणक जरा अधिक विचार करून तेवढ्याच बिटांत अधिक नेमके सांगतो. (परीक्षेतल्या मुलांसाठी असे एखादे बटण असते तर!) खेळातले गवत विरळ केले. सर्वांत गुण आला तो मात्र केबिनमधून पाहण्याचा. ट्रकमागून दिसणारे दृश्य सोडून चालकाच्या जागी बसले, की अर्धा पडदा स्टिअरिंग आणि डॅशबोर्डने भरतो. ते हलत नाहीत. वाचलेले बिट रस्त्याला मिळतात. आवाजाला आम्ही हात लावला नाही. त्याला १२८ किलोबिट पुरतात, आणि धूसर चित्र माणसे चालवून घेतात, तुटका आवाज नाही.

त्या रात्री हैदराबादच्या एकाने विचारले, "नवीन मशीन घेतलास का रे?" दाजी दारातच उभे होते. काही न बोलता आत गेले.

खेळातला पाऊस बंद करायला मात्र भाचा काही केल्या तयार झाला नाही. पाऊस लागला, की चित्र अजूनही विरघळू लागते. मग तो ट्रक कडेला घेतो, वायपर चालू ठेवतो, आणि मंडळी गप्पा मारीत बसतात.