खालची पट्टी

संगणकाच्या पडद्यावर कोणती वस्तू कोठें असावी, यावरून शहाणीं माणसें हमरीतुमरीवर येतात, हें वाचकांस खरें वाटणार नाहीं. आम्हांसहि तो पोरखेळच वाटे. पुढें त्याच वादाची झळ सोलापुरांत आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयाला लागली, आणि तीहि आमच्याच हातून.

तेथील यंत्रांवर लिनक्स व त्यावर 'ग्नोम' नांवाची मांडणी होती. १९९७ सालीं मिगेल दे इकाझा व फेदेरिको मेना या दोघां मेक्सिकन तरुणांनीं आरंभिलेलें हें काम. कोणींहि फुकट घ्यावें, बदलावें, वाटावें असें. या मांडणीच्या दुसऱ्या आवृत्तींत पडद्याच्या तळाशीं एक पट्टी असे, आणि उघडलेलीं सारीं कामें तिच्यावर नांवानिशीं ओळीनें दिसत. एप्रिल २०११ मध्यें तिसरी आवृत्ती आली आणि ती पट्टी गेली. रचनाकारांचें म्हणणें, माणसानें हातांतल्या कामाकडे पाहावें, बाकीचा पसारा मागितल्यावांचून दिसूं नये. जुन्या लोकांचें म्हणणें, तो पसारा नव्हे, तो आमचा संसार आहे! खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स त्या वर्षीं जाहीरपणें चिडून दुसऱ्या मांडणीकडे निघून गेले. (पुढें ते परतले, ही गोष्ट मात्र तितक्या मोठ्यानें सांगितली जात नाहीं.)

आम्ही रचनाकारांच्या पक्षाचे. इंग्रजी शिकलेल्या माणसाला नवें तें पटण्यास फार वेळ लागत नाहीं. २०१३ च्या उन्हाळी सुटींत आम्हीं आग्रहानें सर्व यंत्रांवर नवी आवृत्ती बसविली. वृद्ध कारकून अण्णा कांहीं विचारूं लागले, तेव्हां "होईल सवय," एवढें बोलून आम्ही निघून आलों.

अण्णांचे वडील चादरींच्या मागावर होते. मागावरच्या माणसाला धोटा कोठें आहे हें पाहावें लागत नाहीं. अण्णांचा हातहि तसाच न पाहतां त्या पट्टीकडे जाई. जूनमध्यें प्रवेशाची रांग लागली. दाखला लिहितां लिहितां त्यांनीं नोंदवही उघडली, आणि दाखला दिसेनासा झाला. तो पुसला गेला असें समजून त्यांनीं पुन्हां लिहिला, तोहि गेला. रांगेंतला एक मुलगा हंसून म्हणाला, "आजोबा, सरका, मी काढून देतों." अण्णा उठले.

हें आम्हांस ऑगस्टांत कळलें. प्राचार्य रजेवर होते, म्हणून दाखल्यांचा गठ्ठा सहीसाठीं आमच्या मेजावर आला. सारे दाखले हातानें लिहिलेले, वळणदार अक्षरांत.

जुन्या पक्षानें तोंवर आपली सोय केली होती. परवाना मोकळा असल्यामुळें अर्जेंटिनांतील एका गृहस्थानें २०११ सालींच जुनी आवृत्ती उचलून 'माते' या नांवानें पुढें चालविली. नांव देवीच्या धांव्यासारखें लागतें. वस्तुतः तें तिकडील एका पेयाचें आहे. आम्हीं ती अण्णांच्या यंत्रावर बसविली. त्यांचा हात न पाहतां खालीं गेला, पट्टी सांपडली, आणि ते आमच्याकडे वळून म्हणाले, "सर, आतां ही राहील ना?"

नवी मांडणी वाईट, असें आम्ही आजहि म्हणत नाहीं. घरीं आम्ही तीच वापरतों. अण्णांना तिच्याविषयीं कोणीं विचारलें नव्हतें, आणि विचारावयाचें काम आमचें होतें.

ते निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागीं आलेल्या मुलीनें पहिल्याच आठवड्यांत विचारलें, "सर, ही खालची पट्टी काढली तर चालेल का?" आम्ही खुर्ची ओढून तिच्याशेजारीं बसलों.