गटारातला सांधा

आरोग्यसेवकाला मृगाच्या पहिल्या पावसाचं कौतुक नसतं. गाव पेरणीच्या धांदलीत आणि आम्ही पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरीच्या. उन्हाळाभर उकिरड्यावर साचलेलं सगळं त्या पावसाबरोबर गटारात उतरतं.

एका वर्षी आशाताईंचा फोन पहाटेच आला. खालच्या आळीत घरोघरी जुलाब-उलट्या. उपकेंद्रातल्या खाटा पुरेनात, म्हणून सलाईनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना बांधल्या. एका आजींच्या हाताची कातडी चिमटीत धरली, तर सोडल्यावरही तशीच उभी. आशाताई ओआरएसची पाकिटं घेऊन फिरत होत्या. "पाजलं की उलटतंय, मग कशाला पाजू?" एकीनं विचारलं. "चमच्याचमच्यानं पाजा. उलटलं तर दहा मिनिटं थांबा, पण बंद करू नका," आशाताई म्हणाल्या.

आदल्या दिवशी गावात जावळाचं जेवण झालं होतं. त्यामुळे दोष बासुंदीवर गेला आणि पंचायतीनं सुटकेचा निःश्वास सोडला. पण त्याच पंगतीला बसलेली वरची आळी ठणठणीत होती. उलट, जेवणाला न गेलेल्या एका घरातलं लहानगं पोर आजारी होतं. बासुंदी सुटली.

मग पाण्याच्या टाकीवर गेलो. क्लोरीन दाखवणारे ओटीचे थेंब टाकताच पाणी पिवळं झालं. "बघा साहेब, पावडर टाकलीय," जलसुरक्षक म्हणाला, आणि खरंच टाकली होती. हजार लिटरला अडीच ग्रॅम हा हिशोब ताज्या पावडरीचा, जिच्यात ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. पोतं उघडं राहिलं की तो उडून जातो. नुसता चुना उरलेली पोती मी पुष्कळ पाहिलीत, पण इथं तसं नव्हतं.

खालच्या आळीच्या शेवटच्या नळाला मात्र रंगच येईना. तिथं लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा. तो वाटेतच खर्ची पडत होता.

वाट शोधायला फार लांब जावं लागलं नाही. पाइप गटारातून गेलेला आणि त्याच्या सांध्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. शिवाय घरोघरी नळखड्डे. पाण्याला जोर नसला की लोक जमिनीत खड्डा करून नळ खाली घेतात. तोटी नसते, कारण तोटीनं धार आणखी बारीक होते. त्याच खड्ड्यात भांड्यांचं, गोधड्यांचं पाणी साचतं. पाणी बंद झालं की रिकामा होणारा पाइप ते आत ओढून घेतो आणि पुढच्या पाळीला पहिली घागर त्याचीच भरते.

पाणी बंद करून टँकर लावला, सांधा बदलला. पाण्याचे नमुने जिल्ह्याला पाठवले होते. 'पिण्यास अयोग्य' हा शेरा येईस्तोवर साथ ओसरली होती. खड्डे बुजवा म्हटल्यावर एक बाई म्हणाली, "बुजवते. मग पाणी वर चढंल का?"

तिचं म्हणणं रास्त होतं. वरच्या आळीत नळांना मोटरी होत्या. त्या पाणी खेचायच्या, म्हणून खाली जोर नव्हता, म्हणून खड्डे. हात धुण्याची पत्रकं मीही वाटली, पण ती मोटरवाल्यांनाही वाटली याचं मला आजही हसू येतं. मोटरी पुढाऱ्यांच्या घरच्या. त्यांचं नाव ग्रामसभेत कोण घेणार?

साथीच्या धाकानं त्या निघाल्या. जोर वाढला, नळ वर आले, खड्डे बुजले. दिवाळीपर्यंत काही मोटरी परत बसल्या. तेव्हा पाणी सोडणाऱ्यानं वायरमनशी संधान बांधलं आणि पाण्याच्या वेळेला वरच्या आळीची वीजच बंद राहू लागली. तिथली पिठाची गिरणी त्यामुळे तासभर उशिरा सुरू व्हायची. गिरणीवाला कुरकुरला, खालच्या आळीनं दळण त्याच्याकडेच टाकायला सुरुवात केली, तेव्हा गप्प बसला.