पडवीवरचा कॅमेरा

फेब्रुवारीत आई विहिरीजवळच्या पायरीवर घसरली आणि मला ते आठ दिवसांनी कळलं. तेही तिच्याकडून नाही. शेजारच्या काकीचा मुलगा डोंबिवली स्टेशनवर भेटला, त्याने सहज विचारलं, "आईचा पाय कसा आहे आता?"

रात्री मी फोन करून आईवर चिडलो. ती शांतपणे म्हणाली, "तुला सांगून तू तिथून काय करणार होतास? हळद लावणार होतास?"

मी इथून काय करू शकतो, याचं उत्तर शोधता शोधता मी कॅमेऱ्यापर्यंत पोचलो. आईला मात्र सांगितलं, चोरांसाठी. मागच्या वर्षी वाडीत एकाच्या मांगरातून पाण्याचा पंप गेला होता. तेवढं निमित्त पुरलं.

आमचं घर देवरुखच्या पुढे, एका वाडीत. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे पडवी, मग खळं, गडगा आणि बेडं. राउटर माजघरात. दीड फूट जांभ्यातून पडवीत येईपर्यंत वायफायचा जीव जातो. बॅटरीवरचा कॅमेरा घेतला असता तर तो चार्जिंगला काढायला आईच शिडीवर चढली असती. म्हणजे जे टाळायचं तेच घडवून आणायचं. म्हणून वायरवाला घेतला. यात 'पॉवर ओव्हर इथरनेट' नावाची सोय असते: एकाच केबलमधून कॅमेऱ्याला वीज जाते आणि त्याच केबलमधून चित्र परत येतं. शंभर मीटरपर्यंत चालतं, बाहेर वेगळा प्लग लागत नाही. रेकॉर्डर इन्व्हर्टरवर टाकला की लाइट गेली तरी काम सुरू.

शिमग्याला गावी जायचंच होतं. वायरमनकडून लांब बिट मागून आणलं. ड्रिल लावलं की जांभ्याचा लाल भुगा नाकातोंडात जातो. मी भोक सरळ पाडत होतो, तर आई खालून म्हणाली, "बाहेरच्या बाजूला उतार ठेव. नाहीतर पावसाळ्यात पाणी माझ्या माजघरात येईल." हे मी तीन व्हिडिओ बघून शिकलो होतो आणि ऐन वेळी विसरलो होतो. कॅमेऱ्याच्या अलीकडे केबलला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं, हे मात्र लक्षात होतं.

केबलच्या आत आठ बारीक तारा. त्या ठरलेल्या क्रमानेच कनेक्टरमध्ये बसवायच्या. माझे दोन कनेक्टर वाया गेले. मग आईने चष्मा लावून मोबाइलवरचा क्रम वाचायला घेतला. "पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी." गजरा करताना फुलं सांगावीत तशी. तिसरा कनेक्टर बसला.

चित्र आलं. मधोमध विहिरीची पायरी, एका बाजूला बेडं, खालच्या कोपऱ्यात पडवीची कड. गडग्यापलीकडची काकीच्या न्हाणीघराची वाटही दिसत होती. ॲपमध्ये तेवढ्या भागावर काळा चौकोन टाकला. आपण किती जबाबदार आहोत असं वाटून बरं वाटलं. निघताना आईला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: गडगडायला लागलं की रेकॉर्डरचा प्लग आणि केबल, दोन्ही काढायचं. ते तिला शिकवावं लागलं नाही. आमच्याकडे वीज कडाडली की टीव्हीची पीन आधी निघते.

डोंबिवलीत परतल्यावर पहिल्याच रात्री फोन वाजत राहिला. हालचाल, हालचाल, हालचाल. रात्री कॅमेरा इन्फ्रारेड दिवे लावतो. त्यांच्याभोवती चिलटं जमतात आणि चिलटांसाठी कोळी येतो. काळ्यापांढऱ्या चित्रात त्याचा एकेक धागा चमकत होता. चोर नव्हताच.

दिवसा मी आईला बघायचो. लोकलमध्ये उभ्याउभ्या, जेवणाच्या सुट्टीत. मग फोन करायचो. "अनवाणी का फिरतेस?" "कपडे अजून दोरीवरच आहेत." आई "हो" म्हणायची आणि फोन ठेवायची. आमची बोलणी आटत गेली, पण मला वाटायचं की मी आता तिच्या जास्त जवळ आहे.

एप्रिलच्या मध्यात एका दुपारी लक्षात आलं की पडवीच्या कडेला चपला नाहीत. माझ्या लहानपणापासून चार वाजता काकी आणि आणखी दोघीजणी आमच्या पडवीत येतात. काजू फोडायचे, सुपारी सोलायची, कुणाकुणाचं काढायचं. रेकॉर्डरच्या डिस्कवर साधारण महिनाभराचं मावतं, मग जुनं पुसून त्यावर नवं. मी मागे मागे जात एकेक दिवसाचे चार वाजलेले बघितले. रोज आई एकटी.

सगळ्यात जुन्या दिवसांतल्या एका दुपारी काकी सापडली. सूप घेऊन ती बेड्यातून आत आली, चार पावलं चालली, मान वर करून कॅमेऱ्याकडे बघितलं. पदर सारखा केला आणि मागे फिरली.

2017 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला, तेव्हा मी कॉलेजच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज लिहिले होते. काकीला मात्र एका शब्दाने विचारलं नव्हतं. माझा काळा चौकोन माझ्या फोनमध्ये होता. तिला खालून दिसत होता तो तिच्याकडे रोखलेला एक डोळा.

मे महिन्यात गावी गेलो आणि शिडी लावली. पडवी चित्रातून काढली, कॅमेरा गडग्यापासून पूर्ण फिरवला. फक्त विहिरीची पायरी आणि बेडं ठेवलं. काकीला बोलावून फोनवर चित्र दाखवलं. ती म्हणाली, "बरं केलंस. पण कान आहेत ना त्याला?" माइक बंद केल्याचं दाखवलं. "ते तुझं तुला ठाऊक," म्हणाली.

रात्री आईला खरं सांगितलं, की कॅमेरा चोरांसाठी नव्हता. ती ताटं उचलत म्हणाली, "चोराला विहिरीच्या पायऱ्या कशाला हव्यात? मला पहिल्या दिवशीच कळलं." आणि थोड्या वेळाने, "तुला बरं वाटत होतं, म्हणून गप्प बसले."

मी परत आल्यावर चौथ्या दिवशी दुपारी चार वाजता कॅमेरा ऑफलाइन झाला. घाबरून फोन केला. "गडगडतंय का?"

"छे, लख्ख ऊन आहे. वहिनी आल्यात. त्यांना त्या यंत्राचा भरवसा नाही, म्हणून पीन काढलीय. सहाला लावते." मागे कुणीतरी जोरात हसलं.

आता तो रोज चार ते सहा बंद असतो. सुरुवातीला मी घड्याळ बघायचो. आता बघत नाही.

जुलैत एकदा संध्याकाळी आईचाच फोन आला. "आज पडवीत पाय मुरगळला. फार नाही. वहिनींनी तेल लावून दिलं. पीन काढलेली होती, म्हणून सांगितलं."