खिळा कधी ठोकला?

लखोबा लोखंडे हा मला भेटलेला पहिला ठकसेन. आचार्य अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ रंगभूमीवर आलं १९६२ साली. मी ते पाहिलं पुढे कितीतरी वर्षांनी, सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात, आजीच्या शेजारी बसून. कोर्टात उभा असलेला निपाणीचा हा तंबाखूचा व्यापारी फिरता रंगमंच वळला की कधी दिवाकर दातार व्हायचा, कधी कॅप्टन अशोक परांजपे, कधी राधेशाम महाराज. सगळे एकटे प्रभाकर पणशीकर. निपाणी आमच्यापासून फार लांब नाही. तिकडची माणसं, त्यांची बोली घरच्या ओळखीची, त्यामुळे हा माणूस उद्या आपल्याच ओसरीवर येऊन बसेल असं वाटायचं.

“मेला बोलतो किती गोड!” आजी हसत म्हणाली. आणि थोड्याच वेळात, त्यानं फसवलेली एक बाई साक्ष द्यायला उभी राहिली तेव्हा तीच आजी पदरानं डोळे पुसत होती. दोन्ही खरं होतं. अत्र्यांनी प्रेक्षकाला लखोबावर खूश होऊ दिलं, पण त्याच्या बायकांना नजरेआड होऊ दिलं नाही. पुढे ठकसेनांच्या हलक्याफुलक्या मालिका मी आवडीनं पाहत आले. नवी मालिका लावली की मी आधी एकच गोष्ट बघते: फसवलेल्या माणसाला यांनी कुठे बसवलंय?

मध्ये १९९४ ला दूरदर्शनवर ‘चंद्रकांता’ आली. रविवारी सकाळी गल्ली ओस पडायची. राजकन्येच्या प्रेमाशी मला फारसं देणंघेणं नव्हतं. मला ऐयार आवडायचे, वेष पालटून शत्रूच्या महालात शिरणारे. इरफान खान पहिल्यांदा पाहिला तो तिथेच. पण त्या वेषांतरात जादू फार होती. कसं केलं, हे कधी सांगत नसत. मला ते ‘कसं’ हवं असायचं.

त्याच सुमारास आमच्या घरात खरी फसवणूक घडली.

माझे वडील, अण्णा, शाळेतून निवृत्त झाले आणि फंडाचे पैसे हाती आले. तेव्हा सागवान लागवडीच्या योजनांचं पेव फुटलं होतं. पैसे भरा, तुमच्या नावानं झाड लावू, ते वाढलं की लाकडाची किंमत तुमची, असा एकूण मामला. ओळखीतल्याच एका गृहस्थांनी अशी एक योजना घरी आणली. गुंतवणूकदारांना जागा दाखवायला मिनीबस ठरवली होती. श्रीखंड-पुरीचं जेवण होतं. रांगेनं लावलेली रोपं, ठिबकच्या काळ्या नळ्या, आणि अण्णांच्या रोपाशेजारच्या खुंटाला खिळ्यानं ठोकलेली पत्र्याची पाटी, तिच्यावर त्यांचा नंबर. त्या पाटीपाशी उभं राहून अण्णांनी फोटो काढून घेतला. प्रमाणपत्र आलं, त्याला हिरवी महिरप होती. काही वर्षांनी पत्रं परत येऊ लागली, मग कार्यालयाला कुलूप दिसलं. अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी सेबीचे नियम आले १९९९ मध्ये. आमचं व्हायचं ते त्याआधीच होऊन गेलं होतं.

पैसे गेले याचं दुःख अण्णांनी लवकर गिळलं. त्यांना जे गिळता आलं नाही ते वेगळंच. संध्याकाळी वाचता वाचता ते एकदम मान वर करून म्हणायचे, “खुंट ओला होता गं, खिळ्याभोवती.” म्हणजे पाटी त्याच सकाळी ठोकलेली. मग आदल्या दिवशी तिथे दुसऱ्या कुणाचा नंबर होता का? आम्ही बसमध्ये बसल्यावर ती काढली का? ते गृहस्थ आमच्याकडे चहा पीत होते, आईच्या गुडघ्याची चौकशी करत होते, तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं की तेही आमच्यासारखेच फसलेले? “त्यांना पैसा हवा होता, ठीक आहे,” अण्णा म्हणायचे. “पण खिळा कधी ठोकला, एवढं तरी कळायला हवं.”

तक्रार नोंदवली, तारखा पडल्या. त्या एका प्रश्नाला कागदावर जागाच नव्हती.

‘हसल’ आमच्या घरी आली ती दादाच्या सामानातून. तो ब्रिटनहून सुट्टीला आला तेव्हा डीव्हीडींचा खोका घेऊन आला. बीबीसी वनवर ही मालिका २००४ ते २०१२ चालली. वर्षाला सहा भाग, असे आठ हंगाम, एकूण अठ्ठेचाळीस भाग. निर्माता टोनी जॉर्डन. मिकी ब्रिक्स हा टोळीचा म्होरक्या, अ‍ॅश मॉर्गन कुठलीही वस्तू, कागद, कार्यालय उभं करून देणारा, स्टेसी, उतावळा डॅनी आणि सावज हेरणारा म्हातारा अल्बर्ट. अल्बर्टचं काम रॉबर्ट वॉननं केलंय. ‘द मॅन फ्रॉम अंकल’चा हा नायक सत्तरी ओलांडल्यावरही असा काही कोट घालून वावरतो की एखाद्या अब्जाधीशानं आपणहून खुर्ची पुढे करावी.

अण्णांना इंग्रजी येत होतं, पण लंडनचे उच्चार कळायला जड जायचे. तरी ते पहिल्या रात्रीच अडकले. त्याला कारण मालिकेची एक खोड होती. ऐन मोक्याच्या क्षणी पडद्यावरचं सगळं जग थांबतं. वेटरच्या हातातला ट्रे, सावजाचं उघडं तोंड, सगळं जागच्या जागी. आणि टोळीतली माणसं तेवढी त्या थिजलेल्या दृश्यातून फिरत आपल्याला समजावून सांगतात, हा बघा असा फसतोय. अ‍ॅशच्या कवटीला जुनी मोड आहे. तो मुद्दाम गाडीसमोर पडतो. एक्स-रेमध्ये मोड दिसते आणि भरपाई मिळते. हे सगळं आपल्याला विश्वासात घेऊन सांगतात, आणि आपल्याला वाटतं, आपण त्यांच्यातलेच झालो.

मग ते आपल्यालाही फसवतात. बेत उधळला, पोलीस आले, मिकी पकडला गेला, असं म्हणून आपण हळहळतो. शेवटच्या काही मिनिटांत गोष्ट मागे जाते. तोच प्रसंग, तीच माणसं, पण कॅमेरा दोन पावलं बाजूला सरकलेला असतो. आता दिसतं की ती पेटी तेव्हाच बदलली होती, तो पोलीस यांचाच होता.

“मागे घे,” अण्णा म्हणाले.

मी मागे घेतलं. पेटी बदलताना पहिल्या वेळीही तो हात चौकटीच्या कडेला दिसत होता का, हे त्यांना तपासायचं होतं. दिसत होता. “प्रामाणिक आहेत,” अण्णा म्हणाले. हे शब्द ठकसेनांबद्दल नव्हते, मालिका लिहिणाऱ्यांबद्दल होते. पुढे त्यांचा तो शिरस्ताच झाला. उलगडा सुरू व्हायच्या आधी रिमोटनं थांबवायचं, आपला अंदाज सांगायचा, मग बघायचं. चुकले तर मागे जाऊन खूण शोधायची. खूण नसली तर तो भाग त्यांच्या लेखी नापास.

या मालिकांचं वेड का लागतं, याचं जे उत्तर मी मानते ते त्या दिवसांत सापडलं. देखणी माणसं, छान कपडे, रक्ताचा थेंब नाही, बंदुकीऐवजी जिभेचं हत्यार, हे सगळं आहेच. दिवसभर खोटं बोलणारी पाच माणसं रात्री एडीच्या बारमध्ये एका टेबलाभोवती जमतात आणि एकमेकांवर डोळे मिटून विश्वास टाकतात, त्याचीही ओढ वाटते. पण मुख्य देणं उलगड्याचं. खऱ्या आयुष्यात फसवणारा नुसता पैसा नेत नाही, तो गोष्टीचा शेवट घेऊन जातो. तुमच्याकडे उरतात तुकडे, एक ओला खुंट, एक चहाचा कप, आणि जन्मभर ते जुळवत बसायचं. या मालिका दर आठवड्याला तो शेवट आणून हातात ठेवतात. कॅमेरा दोन पावलं सरकतो आणि खिळा कधी ठोकला ते दिसतं.

आई मात्र लांब बसून शेंगा सोलायची आणि बजावायची, “चोरांचं कसलं कौतुक करता?” तिचा आक्षेप मी कधीच झटकून टाकला नाही. मिकीच्या टोळीचा एक नियम आहे: प्रामाणिक माणसाला फसवता येत नाही. लोभ असेल तरच माणूस गळाला लागतो. ऐकायला हे न्यायाचं वाटतं, आणि विनोदी मालिकेला हा नियम लागतोच, कारण सावज दुष्ट असलं तरच आपण मोकळेपणानं हसू शकतो. पण नियम खोटा आहे. ठकांनी स्वतःच्या सोयीसाठी जपलेला आहे. अण्णांना लोभ नव्हता. त्यांना माझ्या लग्नात कुणापुढे हात पसरायचा नव्हता. माणसं काळजीपोटी फसतात, भिडेपोटी फसतात, घरी आलेल्या पाहुण्याला खोटं कसं पाडायचं म्हणून फसतात. “हाव नडली” असं फसलेल्याच्या तोंडावर म्हणणारे नातेवाईक आम्ही पाहिले, आणि त्यांच्या आणि मिकीच्या तत्त्वज्ञानात मला काडीचा फरक दिसत नाही.

म्हणून ‘हसल’ कितीही आवडली तरी माझं माप ‘लेव्हरेज’च्या बाजूनं झुकतं. ही अमेरिकन मालिका टीएनटी वाहिनीवर डिसेंबर २००८ मध्ये सुरू झाली, लेहमन ब्रदर्स कोसळून जेमतेम तीन महिने झाले असताना. लोकांची घरं, पेन्शनी बुडाल्या होत्या आणि बुडवणारे कोट घालून फिरत होते. नायक नेट फोर्ड हा पूर्वी विमा कंपनीसाठी चोरीचा माल शोधणारा. त्याच कंपनीनं त्याच्या आजारी मुलाच्या उपचाराचे पैसे नाकारले आणि मुलगा गेला. आता तो चोरांनाच हाताशी धरून बड्यांना लुटतो आणि नाडलेल्यांना परत देतो. सत्याहत्तर भागांपैकी बहुतेकांची घडण एकच. सुरुवातीला एक साधा माणूस टेबलापलीकडे बसून सांगतो, माझं असं असं झालं. टोळी ऐकून घेते. त्याला कुणी विचारत नाही की तू सही केलीसच का. मालिका पुढे पोरकट होते, हाणामाऱ्या भाबड्या आहेत, हॅकिंग तर परीकथेतलं. पण सोफी देव्हरोसारखं पात्र मी दुसरीकडे पाहिलं नाही. नाटकाच्या मंचावर तिचा अभिनय बघवत नाही, आणि एखाद्याला टोपी घालायची असली की तीच बाई जगातली सर्वोत्तम नटी होते. हातचलाखीचे प्रसंग खरे वाटतात, कारण त्यासाठी अपोलो रॉबिन्स हा नावाजलेला खिसेकापू-कलावंत सल्लागार होता. तो मंचावर लोकांचे खिसे मारतो आणि वस्तू परत करतो.

आई ‘लेव्हरेज’ बघायला मात्र खुर्ची पुढे ओढून बसायची.

गेल्या काही वर्षांत आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात फसवणुकीवर व्याख्यानं फार होतात. ‘डिजिटल अरेस्ट’चं प्रकरण इतकं वाढलं की ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्यावर सविस्तर सांगितलं. वक्ते ओटीपी देऊ नका, लिंक उघडू नका अशी यादी वाचतात. समोरचे माना डोलावतात आणि घाबरून घरी जातात. एकदा मला बोलायला सांगितलं तेव्हा मी यादी नेलीच नाही. १९७३ च्या ‘द स्टिंग’ सिनेमातल्या बनावट अड्ड्याची गोष्ट सांगितली. तीसच्या दशकातलं शिकागो, घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावायची एक खोली, तिथला कारकून, गिऱ्हाईक, शर्यतीचं वर्णन करणारा आवाज, सगळे सोंग घेतलेले ठकच. त्या गर्दीत खरा एकटाच, ज्याला लुटायचं तो. डेव्हिड मॉरर या भाषातज्ज्ञानं अमेरिकेतल्या ठकांशी बोलून १९४० मध्ये पुस्तक लिहिलं, त्यात अशा अड्ड्यांची रीत नोंदवलेली आहे. मग म्हटलं, आता तीच खोली तुमच्या फोनच्या पडद्यावर उभी करतात. मागे पोलीस ठाण्याची पाटी, अंगात वर्दी, बाजूला वायरलेसची खरखर, मध्येच आत येऊन सॅल्यूट ठोकणारा शिपाई. हे नाटक आहे. त्याचे अंक पाडलेले आहेत. फोन ठेवू नका, घरात कुणाला सांगू नका, ही त्या खोलीची भिंत. तुम्ही बाहेर पाऊल टाकलंत की पडदा फाटला.

सभागृहात चुळबुळ सुरू झाली, पण घाबरल्याची नव्हे. एक बाई उठून म्हणाल्या, “शिपाई मध्येच का येतो?” मी म्हटलं, साहेब खरा वाटावा म्हणून. “आणि वर्दी कुठून आणतात?” मागच्या रांगेतल्या, हौशी नाटकात काम केलेल्या गृहस्थांनी त्याचं उत्तर परस्पर दिलं, भाड्याच्या दरासकट. पहिल्या रांगेतले एक काका इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, “माझ्या वेळी मागे पंखा होता. फिरत होता, पण टेबलावरचे कागद हलत नव्हते.”

क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग शेजारच्यांनी विचारलं, “कागदांवर पेपरवेट होतं का?” काका आठवू लागले. बाई म्हणाल्या, पंखा म्हणजे नुसतं मागे लावलेलं चित्र असणार. नाटकवाले म्हणाले, चित्रातला पंखा फिरेल कसा, व्हिडिओ असला पाहिजे. कुणीतरी खडू घेऊन फळ्यावर टेबल काढलं, कॅमेरा कुठे असेल तिथे फुली मारली. काका स्वतः उठले, त्यांनी ती फुली पुसली आणि दोन बोटं डावीकडे मारली.