झोपवलास का?

टक. कानाच्या आधी ते तळहाताला कळतं. वाटाण्याची शेंग नखाने फोडावी, एवढाच काय तो आवाज. पण रविवारी सकाळी कोपरखैरण्याच्या आमच्या गॅलरीत टॉर्क रेंचची मूठ हलकेच ओढावी आणि तो उमटावा, की माझ्यापुढे कांदा-बटाटा मार्केटचा गाळा उघडतो: गोणपाटाचा कोंदट वास, पायाखाली चुरचुरणारी कांद्याची सालं, आणि वजनकाट्यापाशी उभे आबा.

आबा पेशाने तोलणार. १९८१ साली मार्केट मुंबईतून उठून वाशीला आलं, तेव्हा गोण्यांमागोमाग तेही खाडी ओलांडून आले. गोणी काट्यावर पडली की दांडीवरचं सरकतं वजन ते दोन बोटांनी पुढे ढकलायचे. ते खाचेत टक करून बसायचं, दांडी अलगद खाली यायची, अधांतरी थबकायची, आणि आबांचा हातही तिथेच थांबायचा.

माझा हात असा थांबत नाही. मागे एकदा सायकलच्या स्टेमचा, म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या भागाचा, बोल्ट ‘अजून जरासा’ म्हणत पिळत गेलो, आणि पाना एकाएकी पोकळ फिरला. आटे गेले. तो पोकळपणा बोटांतून अजून जात नाही.

म्हणून ठरवलेला पीळ बसला की टक करून सांगणारा टॉर्क रेंच घ्यायला निघालो. मोटारीच्या चाकांना लावतात तो लांब दांड्याचा पाहून मोह झाला होता. आबा म्हणाले, ‘‘अरे, कांद्याच्या काट्यावर केशर तोलतात का?’’ मसाला मार्केट शेजारीच. त्यांना दाखल्यासाठी लांब जावं लागत नाही. मग २ ते १४ न्यूटन-मीटरचा लहान घेतला. स्टेमला साधारण ५ पुरतात, आकडा बहुतेक वेळा बोल्टजवळच बारीक अक्षरांत छापलेला असतो. इतकी वर्षं मी तो वाचलाच नव्हता. पेडलला ३५च्या पुढे लागतात, ती अजून सायकलवाल्याकडेच नेतो.

‘‘पाच म्हणजे किती रे?’’ आबांनी विचारलं होतं.

‘‘मीटरभर आडव्या दांडीच्या टोकाला अर्धा किलो कांदे टांगा. तेवढा पीळ.’’

बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, ‘‘म्हणजे काटाच की.’’

काटाच.

आता स्टेमचे चारही बोल्ट मी समोरासमोरचे घेत, थोडे थोडे आवळत जातो, आणि आबा खुर्ची ओढून शेजारी बसतात. एका कानाने ऐकू येत नाही, तरी टक झालं की मान हलते. मी पुन्हा ओढायला गेलो तर लगेच, ‘‘बस!’’

काम संपलं की मूठ उलटी फिरवून आकडा सगळ्यात खाली आणायचा, म्हणजे आतल्या स्प्रिंगवर ताण राहत नाही. हे मला रेंचसोबतच्या कागदावरून कळलं. आबांना ते कुणी सांगावं लागलं नाही. बाजार उठला की सरकतं वजन शून्यावर नेऊन दांडी अडकवून ठेवायचे, आणि त्याला म्हणायचे काटा झोपवणं.

मी रेंच डबीत ठेवतो. झाकण लावायच्या आत खुर्चीतून आवाज येतोच.

‘‘झोपवलास का?’’