मांडीवरचे मूल आणि कलम १९४ ब

आठ महिन्यांच्या भाचीसाठी मोटारीत बसवायचे खास आसन बुलढाण्याच्या आमच्या घरी आले, तेव्हा आजीने एकच प्रश्न विचारला : "माही मांडी काय मोडली काय रे?" हा थ्रेड त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

प्रश्न घरगुती वाटतो. पण एका विधिमंडळाने तो चक्क कायद्यात लिहून ठेवला होता. अमेरिकेतील टेनेसी राज्यात डॉ. रॉबर्ट सँडर्स या बालरोगतज्ज्ञाच्या चिकाटीमुळे १९७७ मध्ये चार वर्षांखालील मुलांसाठी सुरक्षा-आसन सक्तीचे करणारा त्या देशातील पहिला कायदा झाला. तो १ जानेवारी १९७८ पासून अमलात आला. मात्र मंजुरीसाठी एक तडजोड करावी लागली : मूल मोठ्या माणसाच्या हातात असेल, तर आसन नको. मायेची मिठी कोण नाकारणार? कायद्याच्या समर्थकांनी या सवलतीला 'मूल चिरडणारी दुरुस्ती' असे नाव ठेवले. ती रद्द व्हायला १९८१ उजाडले. १९८५ पर्यंत अमेरिकेतील सर्व राज्यांत असे कायदे झाले होते.

त्या नावामागे साधे गणित आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी दशांश सेकंदात थांबली, तर दहा किलोचे मूल सुमारे १४० किलोच्या ओझ्याइतक्या जोराने पुढे फेकले जाते. तेवढे ओझे कोणाचेही हात धरू शकत नाहीत. धरणाऱ्याने स्वतः पट्टा लावला नसेल, तर त्याचे शरीरही मागून मुलावरच आदळते.

आपल्याकडे मोटार वाहन कायदे झाले १९१४, १९३९ आणि १९८८ साली. १९८८ चा कायदा झाला तेव्हाही प्रवासी म्हणून मुलाला बांधून बसवण्याची तरतूद त्यात नव्हती. ती आली २०१९ च्या दुरुस्तीने, कलम १९४ ब मध्ये : चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा बाल-सुरक्षा आसनाने बांधलेले नसेल, तर १,००० रुपये दंड. माझा आक्षेप त्या 'किंवा' वर आहे. मोठ्यांच्या मापाचा पट्टा तान्ह्याच्या खांद्यावर बसत नाही, गळ्याशी येतो; आणि आठ महिन्यांचे मूल व तेरा वर्षांचा मुलगा यांत हे कलम भेद करत नाही.

शिवाय आपल्या जिल्ह्यात कुटुंबाचे वाहन बहुधा दुचाकी. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने नियम केला व तो वर्षभराने लागू झाला : चार वर्षांखालील मुलाला चालकाशी जोडणारा पट्टा, नऊ महिन्यांपासून पुढे डोक्याला मापाचे हेल्मेट, वेगमर्यादा ताशी ४०. पेट्रोलच्या टाकीवर बसलेली पोरे मी रोज पाहतो. तो पट्टा अजून एकदाही पाहिलेला नाही.

१ जुलै २०२३ ची रात्र या जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ जणांचा मृत्यू झाला. पट्ट्यांनी ते वाचले असते, असे मी म्हणणार नाही. तिथे आगच मुख्य होती. पण त्यानंतर आमच्या घरात प्रवासाची भीती आली, आणि भीतीबरोबर मिठी अधिक घट्ट झाली.

आता माझ्या कपाळावरील खुणेविषयी. मी चार वर्षांचा असताना आम्ही मलकापूरची रेल्वे गाठायला राजूर घाट उतरत होतो. मी पुढच्या सीटवर, आजीच्या मांडीवर. वळणावर गुरे आडवी आली, काकांनी ब्रेक दाबला, आणि मी डॅशबोर्डवर आदळलो. पाच टाके पडले. "पोरगं हातातून निसटलं," असे आजी वीस वर्षे सांगत आली. दोष स्वतःच्या हातांना देत आली.

तिला मी टेनेसी सांगितले नाही, कलमही नाही. फक्त १४० किलो सांगितले. म्हणजे पोत्यात किती, असे तिने विचारले. मी म्हणालो, जवारीची जवळजवळ दीड क्विंटल. ती बराच वेळ स्वतःच्या तळहातांकडे पाहत राहिली.

गेल्या महिन्यात आम्ही सिंदखेडराजाला गेलो. भाची मागे, उलट्या तोंडाच्या आसनात. चिखली येईपर्यंत तिने रडून गाडी डोक्यावर घेतली. आजी शेजारी पट्टा लावून बसली होती. तिचे एक बोट भाचीच्या मुठीत होते.