सव्वा तासाचे अंतर

आमची मुलगी लंडनला, मुलगा पॅरिसला. दोन्ही शहरांत सरळ रेषेत सुमारे ३४४ किलोमीटर. विमानाला सव्वा तास पुरतो. रत्नागिरीहून मुंबईला रस्त्याने जायलाही जवळपास तेवढेच किलोमीटर पडतात, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. भाऊ-बहीण ईदला तरी एकत्र येतील!

पण मुलाला मुलगी झाली आणि फुफीला तिचे तोंड पाहायला सात महिने लागले. ब्रिटन शेंगेन देशांत नाही. भारतीय पासपोर्टवर लंडनला राहणाऱ्याला पॅरिससाठी वेगळा व्हिसा काढावा लागतो. कागदपत्रे, बोटांचे ठसे, भेटीची तारीख, नोकरीतली रजा, यांतच महिने गेले. आम्हालाही दोन व्हिसे काढावे लागले.

अखेर आम्ही तिघे रेल्वेनेच निघालो. विमान सव्वा तासाचे खरे, पण विमानतळ गावाबाहेर आणि दोन तास आधी हजर राहायचे. रेल्वे सव्वादोन तासांत शहरातून शहरात नेते. १९९४ साली सुरू झालेला खाडीखालचा बोगदा पन्नास किलोमीटरचा, त्यातले अडतीस समुद्राखाली. फ्रान्सची पासपोर्ट तपासणी लंडनच्या स्टेशनातच होते. तिथे शिक्का बसला तेव्हा मुलगी म्हणाली, "अम्मी, आता पोहोचलो."

पॅरिसचे घड्याळ एक तास पुढे. नमाजच्या वेळा नव्याने पाहिल्या. नात फुफीकडे लगेच गेली, अल्हम्दुलिल्लाह.

मुले परदेशी दोन देशांत असतील, तर तिकिटाआधी व्हिशाचे दिवस मोजा.